वाचकांचे प्रश्न: ‘आत्ताची बायको’ म्हणजे नक्की कितवी?

या वेळी तीनच पत्रं घेतोय, कारण पहिलंच पत्र असं आलंय की त्यात मी दोन रविवार अडकून पडलो.

प्रश्न: नमस्कार. मी मूळची सांगलीची, आता सहा वर्षं मुलाकडे एडिसनला असते. सून अमेरिकन आहे, फार गोड मुलगी, तिच्या वडिलांकडचं घराणं व्हर्जिनियातल्या नॉर्दर्न नेक भागातलं. आमच्याकडे कसा जाडजूड कुळवृत्तांत आहे तसं तिच्याकडे काहीच नाही म्हणून नातीसाठी मीच शोधायला बसले, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वेळच वेळ होता. धागा मागे मागे नेत एका ॲनपर्यंत आले. तिच्या नवऱ्याचं १६७८ चं मृत्युपत्र आहे, त्यात ‘माझी आत्ताची बायको ॲन’ असं लिहिलंय, म्हणजे ही दुसरी का? शिवाय एका पोराला जावई म्हटलंय पण तो २१ चा व्हायला अजून नऊ वर्षं आहेत असंही लिहिलंय, म्हणजे बारा वर्षांचा जावई?? त्या पोराचं आडनावही वेगळंच. ॲनचं माहेरचं नाव कुठ्ठेही नाही आणि ऑनलाइन वंशवृक्षांत पाच जणांनी पाच आडनावं लावून ठेवलीयेत. वर एका छापील सारांशाच्या पुस्तकात त्याच काउंटीच्या (जिल्ह्याच्या) कोर्टातली १६६६ ची एक ओळ मिळाली, की ॲन नावाच्या नोकर बाईला बिनलग्नाचं मूल झालं म्हणून तिला कोर्टासमोर आणलं. हीच का ती? असेल तर सुनेला सांगू का नको? मला मेलीला दोन रात्री झोप नाही. (एक सासूबाई, न्यू जर्सी)

उत्तर: ताई, आधी झोपा. मग हे वाचा.

त्या मृत्युपत्रातले शब्द आजच्या अर्थाने वाचायचे नाहीत. हे मी तुम्हाला शहाणपणा म्हणून सांगत नाहीये, माझ्या जावयाच्या घराण्याचं शोधताना मी स्वतः चार महिने एका माणसाच्या मुलीचं लग्न शोधत बसलो होतो, आणि त्याला मुलगीच नव्हती. त्या काळच्या इंग्रजीत ज्याला जावई म्हणतात तो शब्द सावत्र मुलालाही सर्रास वापरायचे, तसंच सासू म्हणजे कित्येकदा सावत्र आई आणि चुलतभाऊ म्हणजे पुतण्या किंवा भाचा. तुमचा बारा वर्षांचा जावई म्हणजे बहुतेक ॲनचा आधीचा मुलगा, नवऱ्याचा सावत्र. आणि ‘आत्ताची बायको’ या शब्दावरून ती दुसरी होती असं अजिबात ठरत नाही. ती वकिली भाषा आहे. मी हे लिहितोय त्या दिवशी जी बायको आहे तिलाच हे मिळावं, उद्या ही गेली आणि मी दुसरी केली तर त्या दुसरीने हक्क सांगू नये, एवढाच त्याचा मतलब. या एका शब्दावर लोकांनी इंटरनेटवर किती काल्पनिक पहिल्या बायका जन्माला घातल्यात त्याची गणती नाही.

असाच एक शब्द ‘अनाथ’. कोर्टाच्या वहीत पोराला अनाथ लिहिलं असेल तर फक्त बाप गेला इतकंच समजायचं, आई शेजारच्या खोलीत भाकऱ्या नाही तर मक्याचा ब्रेड भाजत असू शकते. आणि ‘मिसेस’ दिसलं की लग्न झालेली असं धरू नका, तेव्हा तो मान होता, बऱ्या घरच्या बाईला लावायचा.

आता माहेरच्या नावाचं. आपल्याकडे कुळवृत्तांतात बाईचं निदान एका ओळीत तरी येतं, सासरचं नाव अमुक, माहेरचं तमुक, अमक्यांची कन्या. तिकडे लग्न झालं की कायद्याच्या नजरेत बाई नवऱ्यात विरघळून जायची, तिच्या जमिनीचा ताबाही नवऱ्याकडे, ती एकटीने करार करू शकत नाही, दावा लावायचा तर नवऱ्याबरोबर. कराच्या यादीत गोऱ्या बाईचं नाव सहसा नसायचंच, कारण डोईपट्टी सोळा वर्षांवरच्या पुरुषांवर होती आणि आफ्रिकन बायकांवर १६४३ पासून. चर्चच्या वह्या बऱ्याच ठिकाणी उरल्या नाहीत. म्हणून तुम्ही ‘ॲन’ हे नाव टाइप करून कितीही सर्च मारा, हाती काही लागणार नाही. तिला नावाने शोधायचंच नाही. तिच्या आयुष्यात गडबड कधी झाली ते शोधायचं. नवरा मेला, मूल झालं, मालकाने मुदत संपूनही सोडलं नाही, जमीन विकली, शेजारणीशी भांडली, अशा वेळी ती कोर्टात येते आणि कारकून तिचं नाव लिहितो. बाकीची वर्षं ती वहीत नाहीच.

आणि याच कारणासाठी तुम्हाला जी ओळ लाजिरवाणी वाटतेय ना, ती तुमच्या हातातली सगळ्यात मोलाची ओळ आहे. बघा हं. मृत्युपत्र १६७८ चं, पोरगा बारा वर्षांचा, म्हणजे जन्म १६६६ च्या आसपास. कोर्टातली ओळ १६६६ ची. पोराचं आडनाव सावत्र बापाचं नाही. लग्नाशिवाय झालेलं मूल बहुतेक वेळा आईच्या आडनावाने ओळखलं जायचं. तेव्हा तुम्ही ज्याला आधीच्या नवऱ्याचं आडनाव समजताय ते ॲनचं स्वतःचं, माहेरचं असू शकतं! मी ‘असू शकतं’ म्हणतोय, ‘आहे’ म्हणत नाहीये, कारण ॲन नावाच्या नोकर पोरी त्या किनाऱ्यावर डझनांनी होत्या आणि ती खरंच विधवाही असू शकते, तिकडे बायका फार कमी असल्याने विधवांची लग्नं पटापट व्हायची.

तेव्हा आता करायचं काय. सारांशाचं पुस्तक मिटून ठेवा आणि मूळ ऑर्डर बुकचं पान बघा. ऑर्डर बुक म्हणजे काउंटी कोर्टाची रोजनाम्यासारखी वही. सारांश करणाऱ्याने नेहमी काहीतरी गाळलेलं असतं, तुमच्या पुस्तकात नुसतं ॲन आहे पण मूळ पानावर तिचं आडनाव आणि मालकाचं नाव असण्याची शक्यता भरपूर. ते आडनाव पोराच्या आडनावाशी जुळलं तर निम्मं काम झालं. नाही जुळलं तर पोराच्या आडनावाचा कुणी पुरुष काउंटीत १६६६ ते १६७८ मध्ये मेला का ते बघा, त्याच्या मालमत्तेची यादी, देणेकऱ्यांचे दावे, ‘अमक्याची विधवा, आता तमक्याची बायको’ अशा नोंदी. असा पुरुष सापडला तर ॲन विधवा होती, आणि ती कोर्टातली नोकर पोरगी बहुतेक वेगळीच.

मालकाचं नाव मिळालं की त्याचाही पाठलाग करायचा. एक तर त्याने जमीन मिळवताना माणसं दाखवली असतील. इंग्लंडातून एक माणूस आणला की ५० एकर, असा हिशोब होता, त्यामुळे जमिनीच्या सनदेखाली आणलेल्या माणसांची नावं सापडतात. (मात्र सनदेची तारीख म्हणजे ती माणसं आल्याची तारीख नव्हे, हे हक्क लोक वर्षानुवर्षं राखून ठेवायचे, विकायचे पण.) दुसरं, जी पोरं लेखी कराराशिवाय यायची त्यांना मालक कोर्टात आणून वय ठरवून घ्यायचा. १६६६ च्या कायद्याने एकोणीस आणि वर असेल तर पाच वर्षं नोकरी, त्याहून लहान असेल तर चोविसाची होईपर्यंत. तुमची ॲन त्याच्या आधी आलेली, तेव्हा आकडे बदलतील पण पद्धत तीच. म्हणजे कोर्टाच्या वहीत चक्क तिचं वय लिहिलेलं मिळू शकतं, आणि त्या काळच्या गरीब बाईचं वय मिळणं म्हणजे लॉटरीच.

मूल झाल्यावर तिचं काय झालं असेल हे पण कळून घ्या, कारण सुनेला सांगायचं तर पूर्ण सांगा. व्हर्जिनियाच्या १६६२ च्या कायद्याने अशा नोकर बाईला मुदत संपल्यावर आणखी दोन वर्षं मालकाकडे राबावं लागायचं नाहीतर मालकाला २००० पौंड तंबाखू द्यायची. पैशाऐवजी तंबाखूच चालायची, आणि एवढी तंबाखू म्हणजे एका गड्याचं जवळजवळ वर्षभराचं पीक, कुठली देणार ती. वर गुन्ह्याचा दंड वेगळा, तो कुणी भरला नाही तर फटके. नोकरांना मालकाच्या परवानगीशिवाय लग्न करता येत नव्हतं, केलं तर मुदत वाढायची, म्हणजे लग्न करू द्यायचं नाही आणि मूल झालं की शिक्षा करायची. आणि मूल मालकाचंच असेल तर? त्याचीही सोय त्याच वर्षी डिसेंबरात केली, तेव्हा ती दोन वर्षं मालकाला नाही मिळायची, चर्चवॉर्डन, म्हणजे चर्चचे कारभारी, तिला दोन वर्षांसाठी दुसऱ्याला विकायचे आणि पैसे पॅरिशला, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतल्या गावकीला. मालकाला फायदा नको म्हणून! बाईची दोन वर्षं गेली ती गेलीच.

तर सुनेला सांगा का नको? सांगा. माझं स्पष्ट मत आहे. ती ओळ वाचून तुम्हाला ॲनची लाज वाटत असेल तर जरा कायदा पुन्हा वाचा. आणि हे बघा, अशी पोरं बरेचदा चर्चवॉर्डन आईपासून काढून दुसऱ्याच्या घरी कामाला बांधून द्यायचे, पण तुमच्या मृत्युपत्रात तो पोरगा बाराव्या वर्षी आईजवळ आहे आणि सावत्र बाप त्याची सोय लावून मरतोय. तो त्या कोर्टातल्या ॲनचाच पोरगा निघाला तर मला त्या नवऱ्याचं जास्त कौतुक वाटेल.

नॉर्दर्न नेकचं म्हणून एक सांगतो, विषयाला थोडं सोडून आहे पण राहवत नाही. तिथल्याच नॉर्थम्बरलंड काउंटीच्या कोर्टात एलिझाबेथ की नावाच्या बाईचा खटला झाला (आडनावच ‘की’, वाचताना अडखळू नका). आई आफ्रिकन गुलाम, बाप थॉमस की इंग्रज, व्हर्जिनियाच्या असेंब्लीचा (कायदेमंडळाचा) सभासद. बापाने १६३६ मध्ये तिला नऊ वर्षांच्या बोलीवर एकाकडे ठेवलं, पण नऊची जवळजवळ वीस झाली, १६५५ मध्ये तेव्हाचा मालक कर्नल जॉन मॉट्रम वारला आणि त्याच्या इस्टेटीत हिची गणती गुलामांत झाली. ती कोर्टात गेली, वकील होता विल्यम ग्रिनस्टेड, तोही करारावरचा नोकरच. बाप स्वतंत्र, मी बाप्तिस्मा झालेली ख्रिश्चन, आणि नऊ वर्षं कधीच उलटली, असे तिचे मुद्दे. ऐंशीच्या घरातली एक म्हातारी साक्षीला आली, की ही थॉमस कीची मुलगी हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्याबद्दल त्याला दंडही झाला होता. म्हणजे बापाच्या बदनामीची एक जुनी गोष्टच पोरीच्या सुटकेला कामी आली! ती इथे जिंकली, वरच्या कोर्टात हरली, प्रकरण असेंब्लीत गेलं आणि शेवटी जुलै १६५६ ला सुटली आणि त्याच महिन्यात त्या वकिलाशी लग्न केलं. सहा वर्षांनी, १६६२ च्या डिसेंबरात, व्हर्जिनियाने कायदा करून टाकला की मूल गुलाम का स्वतंत्र हे आईवरून ठरेल. म्हणजे तिच्या पहिल्या मुद्द्याचं दारच बंद.

त्या कायद्याचा एक विचित्र परिणाम असा की पुढे सुटका मागणाऱ्या प्रत्येकाला आपली आजी-पणजी कोण होती ते कोर्टात सिद्ध करावं लागलं, त्यामुळे जी बाई एरवी कुठल्याच कागदात आली नसती तिच्याबद्दल पानंच्या पानं साक्षी आहेत. शेजारच्या मेरीलँडमध्ये (तिथला कायदा तेव्हा उलटा, गुलामाशी लग्न केलेल्या गोऱ्या बाईची पोरं गुलाम) आयरिश नेल म्हणून एक नोकर बाई होती, एलिनॉर बटलर, तिने १६८१ मध्ये चार्ल्स नावाच्या गुलामाशी लग्न केलं. लॉर्ड बाल्टिमोरने, म्हणजे त्या वसाहतीच्या मालकानेच, स्वतः समजावलं की अगं, तुझी पोरं गुलाम होतील, तर म्हणे लॉर्डसाहेबांपेक्षा मला चार्ल्स बरा (मूळ वाक्य याहून बरंच उघडं आहे, मासिक घरोघर जातं म्हणून सौम्य केलंय). हे आपल्याला कसं कळलं? तिच्या वंशजांपैकी एका जोडप्याने पुढे सुटकेचा दावा लावला तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी घरात ऐकलेल्या गोष्टी सांगितल्या म्हणून. ते त्या वेळी शेवटी हरले, पण त्यांची मुलगी मेरी १७८७ मध्ये जिंकली.

असो, परत तुमच्याकडे. कुठे बघायचं: फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर फुकट खातं काढा आणि सर्चच्या चौकटीत नाव न टाकता कॅटलॉगमध्ये जाऊन काउंटी निवडा, मग कोर्टाची वही उघडून पान पान उलटा. काही स्कॅन घरून दिसत नाहीत, त्यांच्या सेंटरवर जावं लागतं. त्यांचं हस्ताक्षर वाचणारं नवीन सर्च आहे ते जरूर वापरा, कारण जुन्या इंडेक्समध्ये बहुतेक वादी-प्रतिवादी पुरुषच असायचे आणि हे मधल्या मजकुरातली बाई पण पकडतं, मात्र १६६० चं अक्षर ते असं काही वाचतं की हसू येईल. तुम्ही मोडी पाहिली असेल तर घाबरू नका, तसंच आहे, पहिली वीस पानं काही कळत नाही आणि एकविसाव्या पानावर कारकुनाचा हात ओळखीचा होतो. रिचमंडच्या लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाने इस्टेटीच्या वाटपाचे जुने दावे ऑनलाइन टाकलेत, ते मुख्यतः नंतरच्या काळातले, पण वाड्याच्या वाटणीत आपल्याकडे जशी तीन पिढ्यांची वंशावळ आपोआप बाहेर पडते तसंच तिथे होतं.

आणि डीड बुक, म्हणजे जमिनीच्या खरेदीखतांची वही, विसरू नका. नवऱ्याने जमीन विकली की बायकोचा (नवऱ्यामागे मिळणाऱ्या) तिसऱ्या हिश्श्याचा हक्क सोडवून घ्यावा लागायचा, त्यासाठी तिला नवऱ्यापासून बाजूला नेऊन विचारायचे, मनापासून सोडतेस ना? ते उत्तर वहीत असतं. ॲनने खाली सही केलीय का खूण, ते मला नक्की कळवा.

प्रश्न: मी वसईचा, ईस्ट इंडियन (मुंबई-वसईकडच्या ख्रिश्चन) समाजातला. कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलं की अमेरिकेत १६३५ च्या यादीत एक ‘ईस्ट इंडियन’ आहे. म्हणजे आपली माणसं इंग्रजांच्या त्या मेफ्लॉवर जहाजाच्या मागोमागच गेली होती का? ग्रुपवर जोरात चर्चा चालू आहे.

उत्तर: यादी खरी आहे, चर्चा थांबवा. व्हर्जिनियात जॉर्ज मेनिफी नावाच्या बड्या व्यापाऱ्याने १६३५ मध्ये जमिनीसाठी माणसं दाखवली (वर सांगितलेला तोच ५० एकरवाला हिशोब), त्यात ‘टोनी, ईस्ट इंडियन’ असं नाव आहे. पण तिथे त्याचा अर्थ फक्त ईस्ट इंडीजकडचा, म्हणजे आपल्या बाजूचा माणूस, एवढाच. तुमच्या समाजाने हे नाव घेतलं १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वेळी, त्याआधी तुमचे पणजोबा स्वतःला ईस्ट इंडियन म्हणत नव्हते. अडीचशे वर्षांचं अंतर आहे! टोनी कुठल्या किनाऱ्याचा होता हे त्या ओळीवरून कुणालाच सांगता येणार नाही.

पण तुमच्या पत्रामुळे एक उपयोगाची गोष्ट आठवली. त्या भागातल्या कोर्टाच्या वह्यांत नुसतं ‘इंडियन’ लिहिलेलं असतं तेव्हा बहुतेक वेळा तो तिथला मूळ रहिवासी, आणि आपल्याकडचा असेल तर कधी ‘ईस्ट’ लावतात कधी लावत नाहीत. एखादी ‘इंडियन बाई’ दिसली म्हणून लगेच तिला कोकणात आणू नका.

प्रश्न: सर, मी मेरीलँडला एमएस करतोय, माझ्या घरमालकीण आजींसाठी त्यांच्या पूर्वजांचं शोधतोय (भाड्यात थोडी सूट मिळते). नवऱ्याचं मृत्युपत्र कोर्टात सिद्ध झालं १४ फेब्रुवारी १६८७ ला, आणि जून १६८७ मध्ये तोच माणूस बायकोसोबत जमीन विकताना सही करतोय. भूत आहे का दुसरा माणूस?

उत्तर: मित्रा, ना भूत ना दुसरा माणूस. तेव्हा इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं. जून १६८७ आधी आला, मग डिसेंबर, मग जानेवारी, फेब्रुवारी, आणि हे सगळं १६८७ च. म्हणजे तो फेब्रुवारी आपल्या हिशोबाने १६८८ चा. आपल्याला तर हे कळायला अवघड जाऊ नये, गुढीपाडवा येईपर्यंत शक बदलतो का? जानेवारीत कॅलेंडर बदललं तरी पंचांग जुनंच असतं. हे १७५२ पर्यंत चाललं, त्या वर्षी २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला. काही कारकून गोंधळ नको म्हणून १६८७/८ असं तिरकी रेघ मारून दोन्ही वर्षं लिहायचे, तुझा कारकून आळशी निघाला.

जाता जाता, त्या जूनच्या खरेदीखतात बायकोचं नाव आहे म्हणतोस, तर तिला बाजूला घेऊन विचारल्याची नोंद शेवटी असेल, ती पण उतरवून घे. भाड्यात अजून सूट मागता येईल.